चिकूची लस आणि जायफळाचे वेढे

६ जाने., मंगळ.
चिकूला दीड महिन्याची लस. मांड्यांत सुया, तोंडात थेंब. सिस्टरचा लसींचा डबा उघडाच होता. आत बर्फ की नुसतं पाणी? विचारलं तर म्हणे, "ताई, रोजचंच काम आहे माझं." असेल. माझं बाळ रोज नसतं तिथे. संध्याकाळी ताप. डॉ.नी लिहिलेले तापाचे थेंब दिले.

७ जाने.
सकाळपासून गुंगीत. दूध ओढत नाही, तळपाय चोळले तरी डोळे उघडत नाही. सासूबाई : "मी म्हनलं होतं नं, इतक्या सुया एकदम काहून टोचता?" मलाही तेच वाटतंय. तो डबा... हे मिहानच्या ऑफिसातून निघालेत. धरमपेठेत डॉ.कडे.

८ जाने.
काल दिवसभर दवाखान्यात. आता पितोय, रडतोय. रडू दे बापडा.
डॉ. म्हणाले, लसीने ताप येतो, किरकिर होते. एवढी गुंगी नाही. काय काय दिलं? निघताना मला सहाण ओली दिसली होती, जायफळाचा वास. मी सासूबाईंकडे पाहिलं. "पोरगं कण्हून राहिलं होतं. गुटीत चार वेढे देल्ले, झोप लागाव म्हणून." रोज एकच असतो. डॉ. त्यांच्यावर जाम भडकले. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, गुटीही नाही.
मग घरी : "तुले सांगतलं असतं तं तू देऊ देल्लं असतं का?" नसतंच दिलं!

१५ जाने.
सासूबाई चिकूला घेतच नाहीत. "नको वं, माह्या हातानं पुन्हा काही होईन." सहाण माळ्यावर. तरी मी वाटीचमचा हुंगते. हे म्हणतात, आई खोटं बोलत नाही. माहीत आहे. हुंगते.

२ फेब्रु.
उद्या पुढची लस. आता लिहूनच टाकते, इथेही लिहिलं नव्हतं.
७ ला पहाटे तापाचे थेंब दिले, त्याने ओकले. सगळे पडले समजून लगेच पुन्हा दिले. कोणाला विचारलं नाही. डॉ.नी विचारलं, तापाचं औषध किती वेळा? मी म्हटलं, दोनदा. तीनदा होतं. शेजारी सासूबाई आपलं सगळं कबूल करत होत्या आणि मी मान हलवत होते. लाज वाटते.
गुंगी कशाने, जायफळाने, थेंबांनी, दोन्हींनी? डॉ.ना अर्धंच माहीत आहे.
सासूबाई उद्या यायला तयार नाहीत. "डॉक्टर मले पाहून चिडतीन." मीच हट्टाने चला म्हटलं. त्यांच्यासमोरच डॉ.ना सांगायचं आहे.
आत्ता त्यांनी विचारलं, "तुले काहून मी पाहिजे?" म्हटलं, बॅग धरायला.