तिरपा विहार

भनपुरी, रायपूर
२० एप्रिल २००६

चि. यशदीप यास,
ताईचा सप्रेम जयभीम व अ. आ., वि. वि.

फोनवर तू नेहमी घाईत, म्हणून लिहून राहिली. तू दिल्लीत बसून आपल्या राज्याच्या नव्या राजधानीचे नकाशे काढतोस, हे बाबा भाजीवाल्यालेही ऐकवतात. पण यंदा चौदा एप्रिलले ते विहारात गेलेच नाहीत. तीस वर्षांत पहिल्यांदा! पहाटे आंघोळ केली, पांढरा सदरा घातला अन् खाटेवर बसून राहिले. काहून विचारलं तर म्हणे गुडघा दुखते. दुपारी त्याच गुडघ्यानं सायकल मारत पंडरीच्या बाजारात जाऊन आले!

तुझ्या नकाशावरून बांधलेला नवा विहार सुरेख झाला, सारा पारा-मोहल्ला तुझं नाव घेते. मग बाबांचं काय बिनसलं? तुले काही बोलले का?

माया पातळ होऊ देऊ नको.
चेतनाताई

दिल्ली
२ मे २००६

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम, वि. वि.

बाबांनी उभारलेला विहार पाडला, ते त्यांना लागलंय, दुसरं काय! पण तो रस्त्याला चक्क दहा अंश तिरपा होता गं. मोजला तेव्हा मलाच लाज वाटली. जन्मभर रेल्वेच्या सर्व्हे पार्टीत साखळी धरलेल्या माणसाचा काटकोन चुकावा? म्हणून काही न बोलता मी नवा विहार रस्त्याला सरळ घेतला. वाचलेल्या कोपऱ्यात विहार कमिटीला किराण्याचा गाळाही निघाला. नकाशा बाबांनी बराच वेळ हातात धरला आणि छान आहे म्हणाले. तेव्हाच बोलायचं होतं ना!

शाळेतल्या पोरांवर ओरडून आवाज उरला तर दोन शब्द त्यांनाही ऐकव. ओवाळणी विसरणार नाही, तू राखी विसरू नकोस.
यश

भनपुरी
११ जून २००६

चि. यशदीप यास, अ. आ., वि. वि.

शेजारच्या शांताकाकू आल्या होत्या. जुन्या विहाराच्या विटा त्यांनी डोक्यावर वाहिल्या होत्या. त्यांनी सांगितलं ते तुले लिहून राहिली.

बांधकामाच्या आधी तीन वर्षं, दर चौदा एप्रिलले, बाबा त्या मोकळ्या जागेत पहाटे दोन खुंट्या अन् सुतळी घेऊन उभे राहत. सूर्य जिथून निघे तिकडे सुतळी ताणत. त्याच रेघेवर पाया खोदला. म्हणून त्या दिवशी पहिलं ऊन दारातून थेट बुद्धाच्या चेहऱ्यावर यायचं. म्हातारी माणसं तेवढ्यासाठी अंधारात जात. आपण पोट्टे आठ वाजता लाडू खायले जायचो, आपल्याले काय माहीत! आता ते ऊन गाळ्यानं अडते.

सांगितलं काहून नाही, म्हणून मी बाबांवर रागावली. ते म्हणाले, पोट्टा एवढा शिकलेला, हातात एवढी यंत्रं, त्यानं सूर्य पाहिलाच असंल असं त्यांले वाटलं.

स्वतःले फार बोल लावू नको. थोडा लाव.
ताई

दिल्ली
३ जुलै २००६

प्रिय ताई, जयभीम.

चार दिवस पेन्सिल हातात धरवली नाही. माझ्या टेबलावर नव्या राजधानीचे सेक्टर पडलेत, सगळे पट्टीने आखलेले. त्यातल्या एकाही जमिनीवर मी पहाटे उभा राहिलेलो नाही. चुकलं गं माझं. गाळा कमिटीने भाड्याने देऊन टाकलाय, ते काही तो पाडणार नाहीत, मी विचारून पाहिलं.

पण हिशेब केला. सूर्य दक्षिणेकडे परतताना अठ्ठावीस ऑगस्टला पुन्हा त्याच जागी उगवतो. त्या पहाटे मी येतो. बाबांना सांग, सुतळी काढून ठेवा. माफी समोर उभं राहूनच मागायची आहे.

तुझ्या रागाला पात्र,
यश

भनपुरी
२९ ऑगस्ट २००६

चि. यशदीप यास, अ. आ.

तुझी मीटिंग लागल्याचा निरोप परवा मिळाला. मी बाबांले सांगितलं. ते हव, बरं म्हणाले अन् सुतळीचा गुंता सोडवत बसले.

काल पहाटे तरीही निघाले. मी मागं मागं. रात्रभर पाऊस होता, पण उगवतीले ढग घडीभर फाटले. ऊन आलं यश, अगदी बाबांनी सांगितलं तिथून. गाळ्याच्या बंद शटरवर पडलं. बाबांनी चपला काढल्या अन् त्या शटरले हात जोडून ऊन सरकेपर्यंत उभे राहिले.

सुतळी अन् खुंट्या पार्सलनं पाठवून राहिली. त्यांनीच दिल्या. पुढच्या चौदा एप्रिलले तरी ये, बाबा आता शहात्तरचे आहेत.

ताई