दुसऱ्या मजल्यावरची गुढी

९ मार्च

निशांतने स्लॅब टाकला! शेजारच्या रो हाऊसवर दुसरा मजला. बाजूने दोन लाख वीस हजार व्होल्टची लाइन गेलीये आणि हा गडी गच्चीत उभा राहून फोटो काढतोय!

तीस वर्षं वीज मंडळात लाइनवर काढली मी. त्याला म्हटलं, "अरे बाबा, तारेला हात लावावा लागत नाही. जवळ गेलास की करंट स्वतः उडी मारतो." हसला. "टेन्शन नका घेऊ, काका. अख्ख्या कोपरखैरण्यात हेच चालतं."

डोक्यात गेला अगदी. बायको सातव्या महिन्यात आहे, आणि याला मजले सुचतायत!

१३ मार्च

हवा दमट. तारा सकाळपासून घुमतायत — आणि त्याची आई, मुक्ताबाई, खाली निवांत पापड वाळत घालतेय! मी बोललो तर म्हणे, "भाऊ, रोजचाच आवाज हाय त्यो. कुनाला काय झालंय का आजपातुर?"

घरी येऊन बोंब मारली. माझी बायको, सुमेधा, म्हणाली, "मलाच काय सांगता? लेखी तक्रार करा ना."

तिच्यावरच ओरडलो. शेजारधर्म म्हणून काही असतो की नाही?

१४ मार्च

सुमेधा बोलत नाहीये. नको बोलू!

१९ मार्च, पाडवा

कहर झाला. नव्या गच्चीवर गुढी — बांबू नाही, स्टीलचा पाइप! चांगला बारा फुटी! "बांबू दरवर्षी कुठे शोधायचा, काका? हा कायमचा झाला."

मी वर गेलो. म्हटलं, आत्ताच्या आत्ता उतरव. मुक्ताबाई मध्ये पडली. "सनाच्या दिशी असं वंगाळ बोलू नगा. गुढी दिवस मावळताना उतरवायची. मधीच उतरवली तर पोटुशीच्या घरात काय हुईल?" गल्लीतले सगळे आपापल्या गुढ्या सोडून माझ्याकडे बघायला लागले, मीच जणू काही पाप केलंय!

आलो खाली. मरा म्हटलं. श्रीखंडाचं ताट बाजूला सारलं.

२० मार्च

काल संध्याकाळी गुढी उतरवताना पाइप तारेच्या बाजूला कलला. तारेला लागलासुद्धा नाही! बॉम्ब फुटल्यासारखा आवाज. धावत वर गेलो तर निशांत पडलेला, गुढीची साडी पेटलेली. मुक्ताबाई त्याच्याकडे झेपावत होती, तिला कमरेला धरून मागे ओढलं. बंद पडलेली लाइन क्षणात आपोआप परत चालू होते, हे तिथे मला एकट्यालाच माहीत! तिने माझे हात ओरबाडले.

दोन्ही हात भाजलेत त्याचे. हॉस्पिटलात ठेवलंय. अस्मिता, त्याची बायको, बाकावर बसून आहे. रडतही नाही.

संताप होतोय नुसता! मूर्ख कार्टं! तीस वर्षं काय झक मारली का मी? सांगत होतो ना, घसा फोडून सांगत होतो ना!

२२ मार्च

उजवा हात काढला.

२४ मार्च

पोलीस आले होते. निशांतच्या घरात कागद सापडलाय — दुसऱ्या मजल्याला शेजाऱ्याची ना हरकत. सही माझी. विचारलं, "वाचून केली होती का?" म्हटलं, पेढे घेऊन आला होता, न वाचता केली.

खोटं बोललो. वाचून केली. पुढच्या दिवाळीत मलाही मजला चढवायचाय. त्याने सही केलेला तसाच कागद माझ्या कपाटात आहे.