एका खुर्चीचा साचा

॥ श्री ॥
दूधविनायक, वाराणसी
२ सप्टेंबर १९९६

चि. केयूर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या कारखान्यात बनणाऱ्या गाडीचा फोटो पोचला. शेजारच्या लतिकाकाकूंनी पाहून विचारलं, की छत नाही, मागची सीट नाही, डिकी नाही, मग उरलं काय? मी सांगितलं, किंमत तेवढी उरली. चौघं बसतात त्या मारुतीच्या दुप्पट! रेल्वे इंजिनाच्या कारखान्यातली पक्की नोकरी सोडून तू पुण्यात हे करतोस. कमी सामानाचे जास्त पैसे का, हे एकदा समजावून लिही.

आईचे गुडघे तसेच. पंचगंगा घाटाच्या पायऱ्या दोन वर्षं उतरली नाही. यंदा कार्तिकस्नानाला खुर्चीत बसवून न्यावं म्हणून घाटावरच्या बचाऊ मल्लाहला, म्हणजे नावाड्याला, बोलावलं. त्याने आपली शिसवी खुर्ची उचलून पाहिली आणि हात जोडले. म्हणाला, माताजींचं वजन काहीच नाही, पण ही खुर्ची आम्हाला घेऊन गंगेत जाईल. तेव्हापासून आई स्नानाचं नावही काढत नाही. तेच मला सोसत नाही.

वेळेवर जेवत जा. रागावलो म्हणून आशीर्वाद कमी झाले असं समजू नकोस.

विश्वेश्वर


भोसरी, पुणे
१५ सप्टेंबर १९९६

तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र कारखान्यात वाचून दाखवलं. लतिकाकाकूंवर सगळे खूश आहेत.

बाबा, मारुतीचे साचे महाग, पण त्यांतून लाखो गाड्या निघतात. खर्च वाटला जातो. आमच्या साच्यातून वर्षाला वीस. त्यांचं दार यंत्राखाली क्षणात दाबून होतं. आम्ही फायबरचं कापड रेझिनमध्ये, म्हणजे वाळून घट्ट होणाऱ्या चिकट रसायनात, भिजवून थरावर थर हाताने बसवतो. एका दाराला दोन दिवस जातात. जाड करणं सोपं असतं. एकेक किलो कमी करायला कुणाला तरी डोकं धरून बसावं लागतं.

पायऱ्यांची गोष्ट पत्राच्या शेवटी का लिहिलीत? आईच्या पाठीची रुंदी आणि बसायची उंची सुतळीने मापून पाठवा. तिला मात्र सांगू नका.

लोभ आहेच, तो दोघांचाही असू द्यावा.

केयूर


॥ श्री ॥
दूधविनायक, वाराणसी
२८ ऑक्टोबर १९९६

चि. केयूर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पार्सल वेळेत मिळालं. बचाऊने तुझी फायबरची खुर्ची एका हाताने उचलली आणि आत काही ठेवायचं राहिलंय का, असं विचारलं.

किंमत तू लिहिली नाहीस, म्हणून तुझे मालक उल्हासराव यांना फोन करून विचारलं. त्यांनी सांगितलं, की तू तीन रविवार घालवलेस. एकाच खुर्चीसाठी अख्खा साचा केलास. विकायची म्हटली तर तेवढ्या किमतीत शिसवी खुर्च्यांचा जोड येईल. तेव्हा तुझं पत्र मला नीट समजलं.

परवा पहाटे बचाऊ आणि त्याच्या भावाने आईला अलगद खाली नेलं. शेवटच्या पायरीवर तिने पाण्यात पाय सोडले. मग डोळे पुसून म्हणाली, की केयूरला कळवा, खुर्चीला छत नाही.

रेल्वेच्या नोकरीचा विषय मी यापुढे काढणार नाही. तू एवढंच कर, साचा मोडू नकोस. दुसरी खुर्ची त्यातून स्वस्त पडेल ना? लतिकाकाकू सकाळपासून सुतळी घेऊन आपल्या ओसरीवर बसल्या आहेत.

आम्हा दोघांचा जीव तुझ्यात आहे, हे वेगळं काय लिहावं!

तुझे बाबा