तीन आठवडे कपाटात ठेवलेले बूट

सर, तुम्हाला जाऊन आता तीस वर्षं होत आली आणि मी तुम्हाला मराठीत लिहितोय. तुम्हाला ही भाषा येत नव्हती. माझ्या मुलीला थोडी बोलता येते, वाचता येत नाही. म्हणूनच लिहायचा धीर होतोय. शुक्रवारची दुपार आहे. लंडनच्या हॅरोतल्या आमच्या स्वयंपाकघरात ऑफिसचा लॅपटॉप बाजूला सारून बसलोय, समोरचा चहा पार निवलाय. उद्या सकाळी पोरीची काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रग्बी संघासाठी निवड चाचणी आहे.

तुम्ही आमचे रग्बीचे सर, आणि शाळेच्या जिममागची तुमची ती अरुंद खोली आठवते. ओल्या मातीचा वास आणि भिंतीला लागून बुटांचं कपाट. मी सांगलीहून नुकताच आलेला, इंग्रजी तोडकंमोडकं, चेंडू हातात आला की कुणाकडे फेकायचा तेच कळायचं नाही. तिथेच तुम्ही मला तुमच्या आजोबांबद्दल सांगितलंत. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला यॉर्कशरचा खाणकामगार. शनिवारी पाळी सुटली की कोळशाने माखलेल्या तोंडानेच मैदानावर जायचे, अंघोळ सामन्यानंतर. खेळण्याचे पैसे घ्यायला तेव्हा बंदी होती आणि बदली खेळाडू हा प्रकारच नव्हता. एका शनिवारी कुणाचा तरी गुडघा त्यांच्या डोक्यावर बसला. कप्तानाने विचारलं, ठीक आहेस ना? हो म्हणाले, नाहीतर संघात एक माणूस कमी पडला असता. सोमवारी खाणीतल्या मुकादमानेही तेच विचारलं. त्यालाही हो म्हणाले, कारण घरी बसलं तर चूल पेटली नसती. पुढच्या शनिवारी पुन्हा खेळले आणि पुन्हा डोक्यालाच लागलं. चाळिशीच्या आत हा माणूस स्वतःच्याच घरात दार कुठे आहे म्हणून विचारत फिरायचा, आणि तुमची आजी त्याच्या बुटांच्या नाड्या बांधून द्यायची. हे सांगताना तुम्ही एका जुन्या चमच्याने कुणाच्या तरी बुटाचा चिखल खरवडत होतात. माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत.

तरी तेरा वर्षांचा असताना मी तेच केलं. डोकं आपटलं, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि उठून म्हणालो, "आय ॲम फाइन, सर." तुम्ही म्हणालात, "मी तुला विचारलंच नाही. बूट काढ." सगळ्या संघासमोर मी नुसत्या मोज्यांवर ओल्या गवतातून चालत बाहेर आलो. बूट तुमच्या कपाटात तीन आठवडे कुलुपात राहिले. मनातल्या मनात मी तुम्हाला इतक्या शिव्या घातल्या, सर, आणि त्याही मराठीतच. परत मिळाले तेव्हा चामडं मऊ राहावं म्हणून त्यांना चरबी चोळलेली होती आणि नाड्या नव्या कोऱ्या होत्या.

दोन शनिवारांपूर्वी माझ्या पोरीचं डोकं असंच आपटलं. निवडीला जायचं तर आईवडिलांनी ऑनलाइन फॉर्मवर लिहून द्यावं लागतं की आता काही त्रास होत नाही. बुधवारी ती इथेच, याच टेबलाशी, माझ्या खांद्यावर वाकून उभी होती. "बाबा, माझा डोकं नाही दुखत, ऑनेस्टली. फक्त टिक कर ना. ट्रायल्स वर्षातून एकदाच असतात." त्याच सकाळी तिने दुधाची बाटली चमच्यांच्या खणात ठेवलेली मी पाहिली होती. खिडकीतून ऊन आलं की डोळे मिटून घेते, हेही पाहिलं होतं. आणि मी टिक केलं. तुमच्या आजोबांना निदान चुलीची काळजी होती. मला हवा होता काउंटीच्या शर्टातला तिचा फोटो. तो शर्ट मला कधी मिळाला नाही, आणि तिला मिळणार हे मी ऑफिसात आणि मंडळाच्या गणपतीत आधीच सगळ्यांना सांगून बसलोय. माझी मलाच लाज वाटते.

बुधवारपासून डोळ्याला डोळा नाही. आज ती शाळेत असताना मी तिचे बूट उचलून पिशवीत घातले. ती पिशवी आत्ता टेबलाखाली माझ्या पायांशी आहे. पोर मघाशीच घरी आली. वर कपाटं उघडल्याचे, खण ओढल्याचे आवाज चाललेत. "बाबा, माझे बूट कुठे आहेत?" मी ओरडून सांगितलं, "माहीत नाही गं." तुम्ही माझे बूट सगळ्यांसमोर काढायला लावलेत, आणि मी पोरीचे लपवून बसलोय.

आता पुन्हा वरून आवाज आला. "इट्स ओके, फ्रेंडचे घेते, तिचा साइझ सेम आहे."

म्हणजे बूट लपवून काही व्हायचं नाही. वर जाऊन सांगावं लागेल, आणि तिच्या कोचला फोन करून तो फॉर्म खोटा होता हेही. ती म्हणेल, पण टिक तर तूच केलंस. सर, तुम्हाला मी कधी घाबरलो नाही तेवढा आत्ता माझ्या पोरीला घाबरतोय. ती जिना उतरतेय आणि पिशवी अजून टेबलाखालीच आहे.