मार्जरीच थोरली!

सस्काटून, १२ जानेवारी

ती. ताई,

उणे तीस अंशांतून वाकून नमस्कार. घाबरू नकोस, घर उबदार आहे. माझा नवरोबा स्वानंद सध्या घरीच असतो, त्यामुळे दारातला बर्फ फावड्याने उपसायलाही माणूस आहे. बाबांचा गुडघा कसा आहे?

ताई, मी जिंकले! माझ्या पीएचडीतल्या त्या स्कॉटिश सरदाराच्या दोन मुली आठवतात ना, सातशे वर्षांपूर्वीच्या? इझाबेलचं लग्न आधी झालं, म्हणून आमचे सर तिलाच थोरली धरून बसले होते. मार्जरीचं फार उशिरा झालं, म्हणून ती धाकटी. मला ते कधीच पटलं नाही. आपल्याकडेच बघ, माझं लग्न आधी झालं तर अर्धे नातेवाईक तुलाच धाकटी समजतात.

त्या काळी मुलगा नसेल तर जमीन मुलींना सारखी वाटत, पण मुख्य गढी थोरलीला जाई. ती मार्जरीला मिळाली होती. सर म्हणत, ‘बापाजवळ तीच राहिली होती, म्हणून मिळाली.’ काल मी सगळ्यांसमोर दाखवून दिलं, बाप गेला तेव्हा मार्जरी फ्रान्समध्ये होती! सर स्वतः उठले आणि फळ्यावरच्या दोन्ही नावांची अदलाबदल केली.

आता आपल्या भावोबांच्या, नंदनच्या लग्नाचं. आत्याचा फोन आला होता. आई नाही आणि तुझं लग्न झालेलं नाही, म्हणून वरमाई म्हणून मी बसावं म्हणे. मी येतेय, पण तुझ्या मागे उभी राहायला. वरमाई तूच. आत्या काही बोललीच तर फोन माझ्याकडे दे. मी नुकतंच सरांना गप्प केलंय.

तुझी, आधी लग्न झालेली धाकटी,
यामिनी