बाबांना गेमवाला प्रोसेसर कशाला?

बाबा,

नवा लॅपटॉप तुमच्या टेबलावर ठेवलाय. तुम्ही म्हणालात, "जुना धापा टाकतो, पत्रं टाइप करायला आणि बिलं भरायला नवा हवा." मग तुम्ही दिलेल्या कागदावरच्या दोन प्रोसेसरपैकी महागड्यावर खूण का? दुकानात मी दोन्ही चालवून पाहिले. टायपिंगला दोन्ही सारखेच, उलट स्वस्तातल्याची बॅटरी जास्त टिकते. फरक पडला तो गेम लावल्यावर. स्वस्तातला अडखळत होता, महागडा सुसाट.

"घरात गेम खेळतं कोण?" दुकानदाराने विचारलं. दादा घर सोडून गेल्यापासून कोणीच नाही. आणि त्याचं नावही काढायचं नाही, हा तुमचाच हुकूम.

पण रविवारी दुपारी मी चहा घेऊन तुमच्या दाराशी आले, तर आतून तुमचा आवाज, "अरे गाढवा, मागे बघ, मागे!" या घरात गाढव तुम्ही एकालाच म्हणायचात. मी दार न वाजवताच परत फिरले.

महागडाच आणलाय. आईला काही बोलले नाही. मी कामावरून सातपर्यंत येते.

दादाला सांगा, बहिणीचा नंबर अजून तोच आहे.

– धाकटी