आटवलेलं पाणी

पळसखेडे, ता. यावल
१२ ऑक्टोबर १९९१

ती. सौ. अक्कास,
लीलाधरचा शि. सा. नमस्कार.

प्रमिला दिवाळीला जळगावहून तान्ह्या लेकीला घेऊन येते म्हणते. बेबा असती तर लेकीचं बाळंतपण तिने इथंच केलं असतं. नात मी अजून पाहिलेली नाही. घर फार शांत झालं आहे, म्हणून वाट पाहतो.

प्रमिलाला दूध पुरत नाही, बाळाला पावडरचं दूध बाटलीने देतात. त्यासाठी मी विहिरीचं पाणी उकळून निम्मं आटवायचं ठरवलं आहे. भाचा जीवराम मागे ते प्रयोगशाळेत तपासायला घेऊन गेला होता, त्याचं काय झालं ते कळवावे. दाजींना नमस्कार. आशीर्वाद असू द्यावेत.

आपला,
लीलाधर

धुळे
१९ ऑक्टोबर

चि. लीलाधर यास,
कुंदाअक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आलं आणि धसकाही बसला. अरे, आटवायला ती बासुंदी आहे का? जीवराम सांगतो, तुमच्या विहिरीत नायट्रेट मर्यादेच्या दुप्पट आहे. उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही; पाणी आटलं की त्याचं प्रमाण उलट वाढतं. बाटलीच्या दुधावरची लेकरं त्याने निळी पडतात, दगावतातही. दुसरं पाणी मिळेपर्यंत प्रमिलाला येऊ देऊ नकोस.

केळीला घातलेला युरिया आणि विहिरीजवळचे उकिरडे, दोन्ही झिरपून पाण्यात उतरतात म्हणे. उकिरडे हलवा. शाळेच्या कूपनलिकेचं पाणी तपासायला पाठव. तुला बोलायचा कंटाळा, पण गावाला हे तूच सांग. वेळेवर जेवत जा, माया आहेच.

तुझी,
अक्का

पळसखेडे
१२ नोव्हेंबर

ती. सौ. अक्कास,
शि. सा. नमस्कार.

शाळेचं पाणी चांगलं असल्याचं जीवरामचं कार्ड वेळेत मिळालं. तान्ह्यांसाठी तेच न्यावं, अशी पंचायतीने दवंडी दिली. युरियाही आता बेताने टाकतो. विहीर सुधारायला काही पावसाळे जातील, असं जीवरामने लिहिलं आहे.

उकिरड्यांवरून मात्र शेजारचा चिंधा म्हणाला की जागा आजोबांपासूनची आहे, निळं झालेलं कोणी त्याने तरी पाहिलं नाही. मी फावडं घेऊन निघालो. विहिरीला सगळ्यांत जवळचा उकिरडा माझाच होता. बेबा दर दिवाळीला त्यावर पणती लावायची, म्हणून पहिलं फावडं घालताना जड गेलं. दुपारी चिंधा स्वतःची गाडी जुंपून आला. वहिनीची पणती मळ्यातल्या नव्या उकिरड्यावर तोच लावेल म्हणाला, आणि लावली. मग बाकीचे उकिरडेही हलले.

प्रमिला पाडव्याला आली. नात बाटली संपवून माझ्या मांडीवर झोपली आहे. रंग चांगला आहे, कपाळ बेबाचं आहे. एका हाताने लिहितो आहे, तेव्हा अक्षराला हसू नये.

आपला,
लीलाधर